वीट, बर्फ आणि न दुखणारा फोड

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय चाळिशीच्या अलीकडे, घरी शेती, स्वतः शिवणकाम करतात. सासूबाई ६३ वर्षांच्या, बारा वर्षांपासून शुगर. गुडघे जुनेच दुखतात. दिवाळीनंतर कापूस वेचून येताना बांधावरून पाय घसरला आणि उजवा गुडघा सुजला. एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं, झीज आहे असं निघालं. याला आता दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले होते बर्फ लावा. सासूबाई म्हणतात, बर्फानं वात धरतो. त्यांना चुलीत तापवलेल्या विटेचाच शेक लागतो आणि तो नात देते. संभाजीनगरच्या नणंदेनं विजेवरची शेकायची पिशवी पाठवली आहे. तालुक्याला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दहा दिवस शेक आणि करंट घेतला, रोजचे तीनशे रुपये, जीपचं भाडं वेगळं. घरी येईपर्यंत बरं वाटतं, रात्री पुन्हा तेच. तिथल्या मॅडम म्हणाल्या, पाण्यातला व्यायाम सगळ्यात चांगला. गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. चुलत दीर म्हणतात, उनकेश्वरला नेऊन कुंडात बसवा. ताई विचारतात: गरम करू की थंड? पाण्यातला व्यायाम आणू कुठून? आणि "मी बर्फ लावला की मी छळते असं होतं. माझंच चुकतंय का?" सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणतात. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "आत्याबाईंच्या पोटरीवर विटेनं फोड आलाय, पण दुखत नाही म्हणतात."

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. फोड आलाय, पण दुखत नाही. बर्फ, वीट, करंट, उनकेश्वर सगळं नंतर बघू. आधी हा फोड.

तव्याला बोट लागलं तर विचार करायच्या आत हात मागे येतो. आत्याबाईंच्या पोटरीवर वीट इतका वेळ राहिली की कातडी उचलली गेली, आणि त्यांना कळलं नाही. बरीच वर्षं शुगर असली की पायांच्या नसा मंद होतात. सुरुवात बोटांपासून, तळव्यांपासून होते आणि मग बधिरपणा मोजे चढवल्यासारखा वर सरकतो. तो पोटरीपर्यंत पोचला असेल तर खाली तळव्याला बहुधा आधीपासूनच काही कळत नसणार. अशी माणसं पायात काटा घेऊन दिवसभर वावरात हिंडतात आणि संध्याकाळी चप्पल काढल्यावर रक्त दिसतं तेव्हा त्यांना समजतं. "दुखत नाही" हे ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असेल. माझी काळजी त्याच दोन शब्दांनी वाढली.

तेव्हा हे वाचून झालं की उद्या सकाळी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. नुसतं "फोड आलाय" म्हणू नका. शुगर आहे, विटेनं भाजलं आणि दुखत नाही, असं पूर्ण सांगा, म्हणजे समोरचा माणूस नीट बघेल. फोड फोडायचा नाही. त्यावर टूथपेस्ट, हळद, शाई, राख काही लावायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुऊन वर धुतलेलं सुती फडकं सैल बांधा, बस. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते विचारा. शुगर तिथेच तपासून घ्या, आणि "पायांची संवेदना तपासा" असं तोंडानं मागा. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात, डोळे मिटलेल्या माणसाला तो कुठे कळतो ते बघतात. दोन मिनिटांचं काम आहे, पण मागितल्याशिवाय फार कमी ठिकाणी होतं.

तोवर गुडघ्याखाली कुठलाही शेक नाही, बर्फही नाही. कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची सवय असेल तर तीही आजपासून बंद. शुगरवाल्यांचे पाय मी ज्या गोष्टीनं सगळ्यात जास्त भाजलेले पाहिलेत ती म्हणजे हीच बादली. पाणी किती गरम आहे हे ते पायानंच बघतात, आणि पाय तर खरं सांगतच नाही.

घरी करायची एक तपासणी सांगते. दोन स्टीलचे पेले घ्या. एकात माठातलं गार पाणी, दुसऱ्यात बाळाच्या अंघोळीला चालेल इतपत कोमट. आत्याबाईंना डोळे मिटायला सांगा आणि एकेक पेला आधी त्यांच्या दंडाला टेकवा, मग मांडीला, गुडघ्याला, पोटरीला, पावलाला. दर वेळी विचारा, गार की गरम? क्रम मध्येच बदला, नाहीतर अंदाजानं सांगतील. आम्ही फिजिओथेरपिस्ट दवाखान्यात हेच काचेच्या नळ्या घेऊन करतो, शेक द्यायच्या आधी. म्हणजे करायला तरी हवं. तुमच्याकडे त्या दहा दिवसांत कुणी हे केलं का, आठवून बघा. ज्या जागेवर गार-गरम ओळखता येत नाही तिथे शेकही द्यायचा नाही आणि बर्फही लावायचा नाही. गुडघ्यावर नीट ओळखता आलं तर पुढचं वाचा. तिथेही चुकत असेल तर पुढच्या मजकुरातला शेकाचा आणि गार पट्टीचा भाग सोडा आणि सरळ व्यायामाकडे जा. त्यांचं फारसं काही बिघडणार नाही, कारण खरा इलाज तिकडेच आहे.

आता गरम की थंड.

तुमच्या घरात याचे दोन पक्ष झालेत. डॉक्टर आणि तुम्ही बर्फाचे, आत्याबाई आणि नणंद शेकाच्या. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट धरून चाललीय की यातल्या एकानं गुडघा बरा होईल. झिजलेला गुडघा बर्फानं भरून येत नाही आणि विटेनंही नाही. दोन्ही गोष्टी अर्धा-पाऊण तास दुखणं दबवतात, आणि एवढ्या अवधीत त्या गुडघ्याकडून काय करून घेतलं यावर पुढचं सगळं ठरतं. बर्फ लावून आत्याबाई बाजेवर पडून राहिल्या काय किंवा विटेनं शेकून पडून राहिल्या काय, पंधरा दिवसांनी गुडघा तिथेच असेल, उलट मांडी थोडी आणखी सुकलेली असेल.

डॉक्टरांनी बर्फ सांगितला तो चुकीचा नव्हता. पाय मुरगळला, मार लागला, सूज चढतेय, अशा पहिल्या दोन-तीन दिवसांत गार लावायचं आणि गरम टाळायचं, कारण गरमानं रक्त जास्त धावतं आणि सूज वाढते. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखण्याची खबर नेणाऱ्या नसा मंदावतात. पण बर्फालाही फार डोक्यावर घ्यायचं कारण नाही. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा चौकडीचा सल्ला ज्या अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली लिहिला, त्यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून यायला उलट उशीर लागू शकतो. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक, एवढंच त्यांनी शिल्लक ठेवलं. आणि तुमच्या बाबतीत तर पडून दीड महिना झाला. पहिल्या दोन दिवसांचा नियम दीड महिना चालवत बसायची गरज नाही.

आत्याबाईंच्या "वात धरतो" या म्हणण्यातही तथ्य आहे. गारठ्यानं स्नायू आणि सांध्याभोवतीचे पदर आखडतात, हालचाल जड होते. परभणीच्या थंडीत पहाटे उठून बसताना गुडघा लाकडासारखा ताठ होतो, त्यावर बर्फ ठेवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं छळच. त्या वेळी ऊब द्यावी. उलट दिवसभर कामात राहून संध्याकाळी गुडघा फुगला आणि तापला तर गार. ठरवायचं कसं? तुमच्या हाताची पालथी बाजू आधी डाव्या गुडघ्यावर ठेवा, मग उजव्या. उजवा स्पष्ट गरम लागला तर शेक नको. दोन्ही सारखे लागले आणि नुसता ताठरपणा असेल तर शेक चालेल. पक्ष कुणाचा हे विचारण्यापेक्षा रोज गुडघ्याला हात लावून बघणं सोपं आहे.

गार लावायला फ्रीज लागतोच असं नाही. लाईट नसताना माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं गुडघ्यावर टाका, पुठ्ठ्यानं वारा घाला, कोरडं पडायला लागलं की पुन्हा भिजवा. बर्फ असेल तर तो कुटून, थोडं पाणी घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरा, कातडीवर आधी ओला रुमाल आणि त्यावर पिशवी. दहा ते पंधरा मिनिटं, वीसच्या वर कधीही नाही. गावातल्या दुकानात लेकरं घेतात त्या पेप्सीच्या चार कांड्या रुमालात गुंडाळल्या तरी काम होतं. बर्फाचा खडा थेट कातडीवर धरायचा नाही, त्यानंही कातडी जळते.

विटेबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. माझा राग विटेवर नाही, तिचं तापमान कुणाला माहीत नसतं यावर आहे. १९४७ साली अमेरिकेत कातडी किती उष्णतेला किती वेळात भाजते याचे प्रयोग झाले, ते आजही आधाराला घेतात. ४४ अंश सेल्सिअसला इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशाला सुमारे पाच सेकंद. मधलं अंतर फक्त सोळा अंशांचं आहे. चुलीतून काढलेली वीट यात कुठे बसते ते चूल पेटवणारीलाही सांगता येणार नाही. आणि खालच्या टोकाकडेही बघा: जी ऊब हाताला छान वाटते, ती पिशवी पायाशी घेऊन रात्रभर झोपलं तर सकाळी फोड असू शकतो.

दवाखान्यातल्या शेकाची मांडणी तुम्ही पाहिली असेल. स्टीलची पेटी, तिच्यात सत्तरच्या वर अंशाचं पाणी, त्यात मातीसारख्या पदार्थानं भरलेल्या, कप्पे शिवलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या लटकलेल्या. चिमट्यानं एक उचलायची, पाणी निथळू द्यायचं आणि टॉवेलचे सहा ते आठ पदर करून त्यात गुंडाळून मग ठेवायची. सगळी सुरक्षितता त्या पदरांत आहे. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघायची असते. गुलाबी दिसली तर ठीक, लाल-पांढरे चट्टे दिसले तर लगेच काढायची. तुमच्या घरच्या विटेवर पदर किती होते? लुगड्याचा एक?

विटेच्या जागी मिठाची पुरचुंडी चालेल. जाडं मीठ तव्यावर गरम करून सुती फडक्यात बांधा, आधी तुम्ही स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरा. तुम्हाला सोसली तरच त्यांच्या गुडघ्यावर, तीही एका जागी दाबून न ठेवता फिरवत. रबराची पिशवी असेल तर अर्धी ते पाऊण भरा, उकळतं पाणी नाही, हवा काढून झाकण घट्ट लावा आणि टॉवेलमध्ये गुंडाळा. नणंदबाईंची विजेवरची पिशवी: तापली की प्लग काढायचा, मगच वापरायची. तिच्यावर अंग टाकून झोपायचं नाही. कशानंही शेकलं तरी दहा-पंधरा मिनिटं पुरे. बाम किंवा झोंबणारं तेल चोळून त्यावर शेक द्यायचा नाही, या दोन्हींनी मिळून कातडी जाते. निरगुडीचा किंवा एरंडाचा पाला बांधायची पद्धत तुमच्याकडे असेल तर पाला कोमट करून बांधा, ऊब लागेल, त्यात हरकत काही नाही. मात्र फोड किंवा जखम असलेल्या जागी नाही. आणि रोज त्याच जागी शेकून शेकून कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडायला लागले तर ती कातडी भाजत आहे असं समजा आणि थांबा.

तीनशे रुपयांबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण हिशेब मांडलात त्यावरून प्रश्न दिसतो. करंट घेताना मुंग्या येतात, काहीतरी खोल चाललंय असं वाटतं, आणि तासभर खरंच बरं वाटतं. पण गुडघ्याच्या झिजेसाठी ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात असले विजेचे उपचार देऊच नका असं म्हटलं आहे आणि व्यायामाला पहिलं स्थान दिलं आहे. अमेरिकेतल्या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये गरम-थंड शेकाला सौम्य पाठिंबा दिला, व्यायामाला आणि वजन उतरवण्याला जोरदार. माझ्या व्यवसायातली मंडळी यावर माझ्यावर रागावतील, रागावू देत. मशीनला माणूस जोडून पुढच्या पेशंटकडे जाता येतं, व्यायाम शिकवायला त्याच्यासमोर बसावं लागतं, हा फरक पेशंटला कुणी सांगत नाही. त्या मॅडमना मात्र मी नावं ठेवणार नाही. पाण्यातल्या व्यायामाचं नाव त्यांनी काढलं म्हणजे त्यांना व्यायामाचं महत्त्व कळतं. त्यांच्याकडे पुन्हा जा आणि स्पष्ट म्हणा: "मॅडम, रोज येणं झेपत नाही. मशीन नको, अर्धा तास व्यायाम शिकवा, वहीत लिहून द्या, पंधरा दिवसांनी दाखवायला येते." चांगल्या फिजिओला हे ऐकून बरंच वाटतं. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेड, लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगर इथे तर जुनीच आहेत, तिथे खर्च नाममात्र येतो.

तोवर हे तीन सुरू करा. बाजेवर पाय लांब करून बसवायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि ती गुंडाळी गुडघ्यानं खाली दाबायची. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा झाला पाहिजे, तुम्ही हात ठेवून बघा. पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. मग टाच बाजेवरच सरकवत गुडघा जेवढा वाकेल तेवढा वाकवायचा आणि परत सरळ, दहा वेळा. टाचेखाली गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी ठेवली की पाय सहज सरकतो, आणि बधिर पावलाची कातडी घासली जात नाही. तिसरा व्यायाम सगळ्यात कामाचा: भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि हळू बसायचं. सुरुवातीला जमणार नाही, तेव्हा बुडाखाली घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवा, आठवड्यागणिक घड्या कमी करा. दिवसातून दोनदा. सकाळचा फेरा शेकानंतर लगेच, पाचच मिनिटांत, ऊब असेपर्यंत. करताना थोडं दुखेल. अर्ध्या तासात दुखणं पूर्वीसारखं झालं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.

काठी घ्यायला त्या लाजतात का? काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. निम्मी माणसं उलटी धरतात. चुलीपाशी उकिडवं बसणं काही दिवस बंद, ओटा नसेल तर उंच पाट किंवा स्टूल. संडासात बसायला मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते. करंटच्या थोड्याच दिवसांच्या पैशात ती येते आणि वर्षानुवर्षं टिकते.

आता पाणी. मॅडम म्हणाल्या ते खरं आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाचं जवळपास निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात साधारण एक तृतीयांश, गळ्यापर्यंत गेलं तर दहावा हिस्सा. जमिनीवर ज्याला पाऊल टाकवत नाही तो पाण्यात चालतो. व्यायामाच्या हौदातलं पाणी ३३ ते ३६ अंशांवर राखतात, त्यानं स्नायू सैल पडतात. लकवा झालेल्या, ऑपरेशन झालेल्या, खूप वजन असलेल्या माणसांना पहिलं पाऊल टाकायला याच्यासारखं साधन नाही.

पण असा हौद आपल्याकडे किती ठिकाणी आहे? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. ज्या घरात आठ दिवसांचं पाणी टाकीत मोजून वापरतात, त्या घरातल्या बाईला "पाण्यात व्यायाम करा" सांगणं मला चमत्कारिक वाटतं. आणि गुडघ्याच्या झिजेत पाण्यातल्या व्यायामाचा जो फायदा अभ्यासांत दिसला आहे तो छोटा आणि थोड्या काळाचा आहे. जमिनीवरचा नेमानं केलेला व्यायाम त्याच्या मागे पडत नाही. तेव्हा हौद नाही म्हणून आत्याबाईंचं नुकसान होतंय हे मनातून काढून टाका. गोधडीच्या घड्यांनी खुर्ची उंच केली की गुडघ्यावरचा भार हलका होतोच. हौद तेच काम अधिक चांगलं करतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र नक्की करू नका, आणि हे मी सगळ्याच वाचकांना सांगते. व्यायामाच्या नावाखाली कुणालाही शेततळ्यात किंवा विहिरीत उतरवू नका. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की धडधाकट पोरालाही कडेनं वर येता येत नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या बाईचा विचारच नको.

उनकेश्वरला जायला माझी ना नाही. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला, गंधकाच्या वासाचं गरम पाणी जमिनीतून येतं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे जातात. महादेवाचं दर्शन घ्या. पण फोड भरून येईपर्यंत आणि पायांची संवेदना तपासून होईपर्यंत कुंडात पाय घालायचा नाही. जखम असलेला शुगरवाल्याचा पाय सार्वजनिक पाण्यात घालणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. पुढे कधी गेलात तर पाण्याचा अंदाज तुमच्या कोपरानं घ्या, त्यांच्या पायानं नाही. आणि तिथे पाच दिवस राहून बरं वाटलं तर त्यात उबेचा वाटा आहे, तसाच पाच दिवस स्वयंपाक आणि वावर सुटल्याचाही आहे. चुलत दिरांना हे सांगायची गरज नाही.

"माझंच चुकतंय का?" तुम्ही बर्फ लावलात तो डॉक्टरांनी सांगितला म्हणून, त्यात छळ कसला. पण पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. त्यात डॉक्टरांचं मत आहे, नणंदेचं आहे, मॅडमचं आहे, चुलत दिरांचं आहे. आत्याबाईंचं फक्त "नको" आहे. त्यांना काय करता यायला हवंय हे कुणी विचारलंय का? वावरात जायचंय? एकादशीला देवळाच्या पायऱ्या चढायच्यात? की नुसतं रात्री कुणाला न उठवता संडासला जाता यावं एवढंच? ज्याचं त्याचं उत्तर वेगळं असतं, आणि ते कळलं की व्यायाम करून घेणं सोपं जातं. पायऱ्या हव्या असतील तर आधी एकाच पायरीवर सराव: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

आणि शेक नातीनं दिलेलाच का लागतो, याचाही विचार करा. रोज संध्याकाळी कुणीतरी पंधरा मिनिटं पायाशी बसतं, हात लावतं, बोलतं. बर्फाची पिशवी ठेवून आपण भाकरी टाकायला जातो. वीट काढून घ्या, पण नातीचं बसणं काढू नका. तिच्याकडे आकडे मोजायचं काम द्या: दाबून धरताना पाच मोजायचे आणि वहीत टिंबं करायची. शिवाय रोज रात्री आजीचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बॅटरीच्या उजेडात बघायच्या, चीर, लाली, फोड काही दिसलं तर तुम्हाला सांगायचं. लेकराला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते आहेच.

अशाच दुखण्यांच्या इतर वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी. लकवा झालेल्या बाजूला शेक देताना पेल्यांची तपासणी आधी करा, तिथेही बधिरपणा असतो. खांदा आखडलेल्यांनी शेक घ्यावा, पण लगेच पुढे हात भिंतीवर सरकवावा. शुगरवाल्यांत हा त्रास जास्त दिसतो आणि सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, घाबरू नये. बोटांच्या सांध्यांना दवाखान्यात मेणाचा शेक देतात, साधारण ५२ ते ५४ अंशांच्या मेणात हात बुडवून. घरी मेण वितळवून हा प्रयोग करू नका. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी आणि अंगात सळई-प्लेट असलेल्यांनी डायथर्मी नावाच्या, विजेच्या लहरींनी खोलवर ऊब देणाऱ्या मशीनखाली बसण्याआधी ते सांगितलंच पाहिजे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या घरात दुपारी म्हाताऱ्या माणसाला शेकत बसू नका.

ताई, गुडघा लालबुंद होऊन ताप आला, पाय टेकवेनासा झाला किंवा एका पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखायला लागली, तर व्यायाम, शेक सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी महिनाभर हे करून बघा. दवाखान्यात पायांच्या तपासणीत काय निघालं ते मला पुन्हा लिहा. ते कळल्यावर चपला कशा घ्यायच्या ते सांगते, कारण बधिर पायाला बाजारातली अंगठ्याची चप्पल चालत नाही. तोवर त्यांना घरातही अनवाणी फिरू देऊ नका.